खालचं पाणी

“हात लावायचा नाही त्याला!” असं म्हणून एनिडनं बंद पडलेल्या बॉयलरपुढं खुर्ची ओढली आणि कोट-टोपीसकट तिच्यावर ठाण मांडलं.

नवं यंत्र बसवायला आलेला गॅविन हातातला पाना तसाच धरून उभा राहिला. बोलताना त्याच्या तोंडातून वाफ निघत होती. स्वयंपाकघरात, भर दुपारी!

“मावशी, फुकट आहे हो. सगळं सरकार भरतंय. तुम्ही फक्त सही करायची.”

“नाही करणार.”

एनिडच्या लेकीच्या, लॉर्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या घरात तेवढीच काय ती आग होती.

घर तापवणारा बॉयलर मरून बारा दिवस झाले होते. आईच्या छातीत घरघर सुरू होती. लेकीच्या घरी यायला ती तयार नव्हती. डॉक्टरांनी लॉर्नाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, या थंडीत पुन्हा न्यूमोनिया झाला तर आई हाती लागायची नाही. आणि सरकारी योजनेची माणसं या गल्लीत आज शेवटची येणार होती. आज सही नाही झाली, तर पुढच्या हिवाळ्यात. पुढचा हिवाळा आई बघेल, असं मात्र कुणीच म्हणत नव्हतं.

जुना बॉयलर काढून जे यंत्र बसणार होतं, त्याला गॅस लागत नव्हता. त्याला ऊब खालून मिळणार होती. गावाच्या पोटात बुडालेली कोळशाची खाण होती, तिच्यातल्या पाण्यातून. त्यासाठी मैदानात खोल भोक पाडलं होतं. सगळीकडे गुडघाभर बर्फ, पण त्या भोकाभोवती गवत हिरवंगार. गावातली मांजरं तिथं गोल करून बसायची, मान खाली घालून, कुणीतरी गोष्ट सांगत असल्यासारखी. ज्या घरांत जोडणी झाली, तिथली माणसं हळू आवाजात बोलायला लागली होती. का, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. शेजारचा हेस्लॉप म्हणायचा, “भिंतीवरचा रेडिएटर तापायच्या आधी एक मोठा श्वास घेतो बघा.” असं म्हणून तो खो खो हसायचा. झोपायला मात्र बहिणीकडे जायचा.

कारण खाण रिकामी नव्हती. एकाहत्तर सालच्या जानेवारीत नदी तिच्यात फुटली. सात जणांना वर काढता आलं नाही. शेवटी खाणीचं तोंडच बुजवलं. सातांतला एक रेग, एनिडचा नवरा. लॉर्ना तेव्हा पोटात होती.

“आई, ते पाणी घरात येत नाही गं,” लॉर्ना म्हणाली. “नुसती ऊब येते. गॅविन, सांग रे हिला.”

“एक थेंब येत नाही, मावशी. त्याची नळी वेगळी, तुमची वेगळी.”

“मला काय खुळी समजलात? भुताला घाबरायला मी काय हेस्लॉप आहे?”

“मग आहे तरी काय?” लॉर्नाचा आवाज चढला. “चिक्कूपणा? तो जन्मभर बघितलाय मी! खिडकीच्या काचेवर आतून बर्फ धरायचा. हातमोजे घालून गणितं सोडवलीत मी, आई. मी शेगडी पेटवायचे, तू मागून येऊन विझवायचीस. विधवांना खाण कंपनीकडून फुकट कोळसा यायचा, तोसुद्धा तू अख्ख्या गल्लीत वाटून...”

ती मध्येच थांबली. चिक्कू माणूस कोळसा वाटत नाही. बावन्न वर्षांची झाली, तरी हे तिच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

एनिड खिडकीबाहेर बघत होती.

“त्यांना शोधायला खाली उतरलेली माणसं वर आली, तेव्हा मी तिथं उभी होते,” ती म्हणाली. “निळीजांभळी पडली होती. एकाची तर दातखीळ बसली. कमरेएवढ्याच पाण्यात होता तो, तेही घटकाभर. आणि रेग अजून त्या पाण्यात आहे. तो तसल्या गारठ्यात पडलाय, आणि मी इथं पाय शेकत बसू? दुसरं काही करता आलं नाही मला त्याच्यासाठी. एवढंच केलं.”

पायाखाली, खूप खोल, कुणीतरी कूस बदलावी तसं काहीतरी हललं. कपाटातल्या बश्या किणकिणल्या. तिघांनीही ऐकलं आणि तिघांनीही ऐकलं नाही असं दाखवलं.

गॅविननं घसा खाकरला.

“पण मावशी... खाली गारठा नाहीये.”

“काय?”

त्यानं खिशातून फोन काढला, अंगठ्यानं दोन-तीनदा सरकवला आणि तिच्यापुढं धरला. “हे खालच्या पाण्याचं तापमान. आत्ताचं. वीस अंश. तुमच्या या खोलीत सहा आहे.”

“आज असेल.”

“आज नाही, रोज. उन्हाळा असो, हिवाळा असो, वीस म्हणजे वीस. तिथला खडकच उबदार आहे. नदीचं पाणी शिरलं तेव्हा गार असेल, पण वर्षा-दोन वर्षांत तापलं असणार. म्हणून तर ऊब तिथून घ्यायची ना.”

एनिड त्या आकड्याकडे बघत राहिली. मग तिनं मान वळवली आणि लॉर्नाकडे पाहिलं. पाहतच राहिली. तिच्या लाल पडलेल्या नाकाकडे, बाह्यांत ओढून घेतलेल्या बोटांकडे.

“म्हणजे इतकी वर्षं,” ती म्हणाली, “गारठलो ते फक्त आपण दोघी.”