वामकुक्षी

शाल्मलीच्या ब्राउझरमध्ये कवटीचा आराखडा अडकला. फोनवर डॉक्टर ओरडत होते, "मॅडम, पोरगी टेबलावर आहे! दहा मिनिटांत कवटीत बसवायच्या प्लेटचं डिझाइन पाठवा!"

तिने लेअर लपवले, बाकीचे टॅब बंद केले. चित्र ढिम्म हलेना. सूचना आली : ‘जोडलेला मेंदू जागा झाला. ग्राफिक्सचा वेग घटला.’

बाबा पलंगावर उठून बसले होते.

"बाबा, अजून थोडं पडा ना."

"नको गं. महिना झाला, तुझी आई स्वप्नात येतच नाही. झोपून करू काय?"

शाल्मलीची नजर त्यांच्या उशीकडे गेली. स्वप्नं रंगवणारा त्यांच्या मेंदूचा कोपरा तिनेच महिन्यापूर्वी, त्यांना न सांगता, उशीतून आपल्या कॉम्प्युटरच्या ग्राफिक्सला जोडला होता.

"मॅडम!" डॉक्टर किंचाळले.

"आज येईल आई," म्हणत तिने बाबांच्या अंगावर चादर ओढली.

बाबांचा डोळा लागला, आणि पडद्यावर कवटी गरगर फिरू लागली.