अबोला की सूज

वर्षभरासाठी अंटार्क्टिकाला जाणार, असं हेमांगीनं सांगितलं त्या दिवसापासून तिचे वडील, अण्णा, तिच्याशी बोलत नव्हते. जेवणही सुटलं होतं. आठवड्यानं ती त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर रेग्यांनी त्यांच्या डोक्यावर टोपी चढवली आणि पडद्यावर अण्णांच्या मेंदूतल्या राखणदार पेशी दिसू लागल्या.

"एरवी या बारीक फांद्या पसरून आसपास चाचपत असतात," रेगेबाई म्हणाल्या. "इथे बघ, फांद्या आखडून फुगल्यात. शरीरात कुठेतरी सूज आहे, तिची खबर यांना लागलीय. मग माणसाला अन्न नको होतं, बोलणं नको होतं."

सूज दाढेखाली सापडली. हेमांगीला हायसं वाटलं. म्हणजे अण्णा रागावले नव्हतेच!

दाढ काढल्यावर पाचव्या दिवशी पेशींनी पुन्हा फांद्या पसरल्या. त्या दुपारी अण्णा पिठलं-भात मागून घेऊन जेवले.

तिला राहवेना. "अण्णा, तुम्ही नुसते आजारी होतात ना?"

"माझं मलाच कळत नव्हतं गं. आता डोकं स्वच्छ झालंय, म्हणून सांगतो. मी रागावलोच आहे. बस इथे."

हेमांगी खुर्ची ओढून आनंदानं भांडायला बसली.