घरच्यांची रांग

चर्चच्या पायऱ्यांपाशी अंत्यविधीची व्यवस्था बघणारे मिस्टर टिझडेल घरच्यांची रांग लावत होते. पांढरे हातमोजे, आवाज हलका, पण कुणाची हूं की चूं करायची टाप नव्हती. अमेरिकेत, जॉर्जिया राज्यातल्या त्या गावात माणूस जिवंतपणी कुठेही बसो, अंत्यविधीला कोण कितव्या बाकावर बसलं ते लोक जन्मभर लक्षात ठेवतात.

हार्लनची शवपेटी आत गेली होती. पुढे त्याची बायको ओझेला, अख्ख्या गावाची 'मिस ओझेला', काठीवर भार देऊन. तिच्यामागे थोरला मुलगा रॉयस, छाती पुढे काढून.

व्हर्लीन सगळ्यांत शेवटी, लांबच्या नातेवाइकांच्याही मागे. हार्लनची लग्नाआधीची मुलगी, रॉयसहून मोठी. अख्ख्या गावाला ठाऊक, पण घरात कुणी तसं कधी म्हटलं नव्हतं. म्हाताऱ्याच्या शेवटच्या दुखण्यात त्याला भरवणं, पुसणं तिनंच केलं. रॉयस तेव्हा अटलांटात कामात होता म्हणे.

आत गाणं सुरू झालं. रॉयसनं आईचा हात धरला, पहिली पायरी चढवली आणि ओझेला कळवळली.

"दुखरा गुडघा या बाजूचा आहे, गाढवा! व्हर्लीनला बोलवा."

"आई, लोक बघतायत. ती मागेच बरी."

"हात धरायला बोलावतेय, मिरवायला नाही."

व्हर्लीन पुढे आली. पण तिनं हात दिला नाही.

"धरते, मिस ओझेला. पण कोण म्हणून? नर्स म्हणून असेल, तर तुम्हाला पहिल्या बाकावर बसवते आणि मागे जाते. मग पुन्हा तुमच्या दारात पाय ठेवणार नाही."

"ही वेळ आहे का?" रॉयस दातओठ खात म्हणाला.

"आता आणखी कुठली वेळ उरलीय रे?" व्हर्लीन म्हणाली.

ओझेलाला राग आला. लाजही वाटली. आतलं गाणं संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

टिझडेल खाकरले. "मिस ओझेला, सगळे थांबलेत. तुमच्यामागे कोण?"

"माझ्या नवऱ्याची मुलं," ती म्हणाली. "मोठी आधी."

रॉयस जागचा हलेना. मग एक पाऊल मागे सरला. तसा त्याच्यामागचा भाऊ सरला, मग आत्या, मग नातवंडं, आणि एकेक पाऊल मागे सरकत ती रांग थेट रस्त्यावर गेली.