थेंब वाळेपर्यंत

मुलाकडच्यांचं घर पाहायला गेलेल्या कानविंद्यांनी पेल्यातला थेंब गुपचूप खिशातल्या काचपट्टीवर टाकला आणि ती चिवड्याच्या बशीआड सरकवली. लेक द्यायची, तर घरचं पाणी जोखायला नको? चाळीस वर्षं प्रयोगशाळेत काढलेल्या माणसाला ठाऊक होतं, मेलेले जंतू थेंब वाळताना कडेला साचून कडं करतात. जिवंत पोहत राहतात, त्यांचा डाग मधेही पसरतो.

चहा होईतो थेंब वाळला. नुसतं कोरीव कडं! म्हणजे पाणी उकळलेलं.

"आमचा होकार," कानविंदे खुलून म्हणाले.

मुलाची आई जीवशास्त्राची प्राध्यापिका होती. "आमचाही," म्हणत तिने फडताळातून दुसरी काचपट्टी काढली. "मुलगी पाहायला आलो, तेव्हाचा हा तुमच्याकडचा थेंब. मधोमध पसरलाय बघा. मुलगी पसंत आहे हो. पण वऱ्हाडाला तुमचं पाणी नको, लग्न आमच्या दारात लावू."