पिंपावरचा दगड

"दगड मिळणार नाही," झेंझी होलुबनं दारातच सांगून टाकलं. "कोबी कालच घातलाय."

"निदान बघू तर द्या," म्हणत ओटोकार वेसेली मिस्त्री सरळ तिच्या तळघरात उतरला. पिंपात आंबायला घातलेला कोबी, त्यावर फळी आणि फळीवर वजनाला तो दगड. एका बाजूनं निमुळता, कडेला छिन्नीनं काढलेली पन्हळ. अगदी तोच! सिमरिंगच्या पडक्या राजवाड्यातल्या खिडकीच्या कमानीत एवढ्याच दगडाची जागा रिकामी होती. बारा वाजता इंजिनियर ती सिमेंटनं बुजवणार होता. चार वर्षं घरोघर हात पसरून मिस्त्रीनं ती कमान जुळवत आणली होती, तीही फुकट. सिमेंटचं नाव ऐकूनच त्याच्या डोक्यात तिडीक गेली होती.

"माझ्या आजोबांनी हातगाडीवर आणलाय तो."

"चोरून."

"हो, चोरून! सम्राटानं वाडा बांधायला घेतला नि अर्धा टाकून मेला. सैन्यानं तिथं बंदुकीची दारू कोंबली. पुढं सम्राज्ञी मारिया थेरेसानं तर खांबचे खांब उपटून स्वतःच्या टेकडीवर मिरवले. तिला म्हणालं कुणी चोर? आधी तिच्या महालाची घंटा वाजवा, मग माझ्या दारी या."

"वाजवली. तीन पत्रं लिहिली. उत्तर नाही. तुम्ही निदान भांडता तरी."

झेंझीला हसू आलं, ते तिनं दाबलं. "आणि माझा कोबी? वजन काढलं की फळी वर येणार, कोबी काळा पडणार. मग हिवाळाभर काय तुमची कमान खाऊ?"

मिस्त्रीनं कोट काढला. बाह्या सरसावल्या. दगड उचलून खाली ठेवला आणि दोन्ही तळवे फळीवर रोवले.

"न्या तुम्ही. येईपर्यंत मी दाबून धरतो."

"वेड लागलंय का मिस्त्री तुम्हाला?"

"साडेअकरा वाजलेत, बाई. भांडण आल्यावर करू."

शिव्या घालत तिनं दगड वर नेला. हातगाडीची चाकं फरशीवरून खडखडत गेली.

खारं पाणी बोटांवर चढलं. हातावरच्या जुन्या-नव्या चिरा झोंबू लागल्या. खांदे भरून आले, दंड थरथरू लागले. चर्चच्या घंटेनं बाराचे टोले दिले. मिस्त्रीनं दात आवळले आणि आणखी जोर लावला.

साडेबाराला ती धापा टाकत जिना उतरली.

"बसला?" त्यानं विचारलं.

"इंजिनियर साहेब कुरकुरत होता. गवंड्यांनी दगड बसवेपर्यंत मी कमानीपुढून हललेच नाही. बसला. सुरीचं पातं जाईल एवढीसुद्धा फट नाही." ती बटाट्यांच्या पोत्यामागं वाकली आणि तिथून बिडाचं भलंमोठं पातेलं ओढून फळीवर आदळलं. फळी जागची हलली नाही.

मिस्त्री पातेल्याकडे बघतच राहिला. "हे इथंच होतं?"

"इथंच होतं. तुम्ही किती वेळ धरता ते बघायचं होतं." तिनं त्याचा कोट त्याच्या अंगावर फेकला. "चला, गाडी बाहेरच आहे. समोरच्या वाल्बुर्गाच्या खुराड्याखाली वाड्याचे आणखी दोन दगड आहेत. बघू, मला कशी नाही म्हणते ती!"