उघड्या रेघा

मंजुनाथ बहिणीला, सोनूला, बाळंतपणासाठी बीदरच्या दवाखान्यात घेऊन गेला, तशी गुरुबाईंनी हळ्ळीखेडच्या घरातली सगळी कुलपं काढली, डब्यांची झाकणं उघडली, स्वतःचा अंबाडाही सोडला. लेकीला कळा सुरू असताना घरात काही बंद ठेवू नये, ही त्यांची रीत. मग त्या सुनेजवळ येऊन बसल्या. नेत्रावती लॅपटॉपवर टी-शर्टांवर छापायची चित्रं काढत होती. संध्याकाळपर्यंत ती कोळारच्या छपाईवाल्याला द्यायची होती.

“ती रेघ कामून जोडायलीस?”

“आत्याबाई, रेघेला रेघ मिळाल्याबिगर आत रंग बसत न्हाई.”

“आजच्या दिवस राहू दे की गं.”

“अन् छपाईवाल्याला काय तुमचा सोडलेला अंबाडा दाखवू?”

गुरुबाई ओठांत जप पुटपुटू लागल्या.

दुपार कलली, तरी मंजुनाथचा फोन येईना. जप थांबत नव्हता, पण आवाज कापायला लागला होता. नेत्रावतीनं हळूच पोपटाची रेघ एका जागी तोडली. त्याचा हिरवा रंग उडून गेला. मग तिनं सूर्यफुलाची रेघ तोडली, मग पतंगाची. एकेक करत सगळा पडदा पांढरा होत गेला.

फोन वाजला.

“अव्वा, पोरगी झाली. दोघी बी बऱ्या हायत.”

गुरुबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि पडद्याकडे पाहिलं.

“अगं, रंग कुठं गेले सगळे?”

“तुमच्या नातीला आणायला गेल्यात, आत्याबाई.”