रस्त्याकडे पाठ

कॅमेऱ्यासमोर बसायचं म्हणून दानिशने कोट घातला होता. पायात मात्र स्लीपरच होती. पाय पडद्यावर दिसणार नाहीत, एवढं आर्किटेक्चर त्याला येत होतं. स्वाइन फ्लूने पुण्यातलं कॉलेज बंद पडलं आणि यंदाचा पदवी समारंभ इंटरनेटवर आला. त्यामुळे गावी, घुग्घुसच्या सायबर कॅफेत खुर्चीवर तो, आणि शेजारच्या स्टुलावर त्याचे अब्बा गफ्फार मिस्त्री. ते बांधकामावरून तसेच आले होते, हाताला सिमेंट घेऊन.

सरांनी नाव पुकारलं. घराच्या प्रकल्पासाठी पहिलं बक्षीस दानिशला. मग फोटो दिसू लागले, त्याच्या स्वतःच्या घराचे. सर कौतुकाने सांगत होते, कोळशाचे ट्रक जातात त्या रस्त्याकडे या घराने चक्क पाठ केली आहे. दार-खिडक्या सगळ्या मागच्या कडुलिंबाकडे. आत धुळीचा कण नाही.

दानिशचे कान तापले. त्याने अब्बांना बांधायला दिलेल्या नकाशात मोठाल्या खिडक्या नेमक्या रस्त्याकडे होत्या. ईदला घरी आला, तर घर पाठमोरं उभं. आपला नकाशा एका गवंड्याने बदलावा, हे तिसऱ्या वर्षातल्या त्या थोर आर्किटेक्टला सहन झालं नाही. आठ दिवस तो बापाशी बोलला नाही. अब्बाही गप्पच राहिले. पुढे घरात धूळ येत नाही हे ध्यानात आलं, तेव्हा याच महाशयांनी उभ्या घरावरून नवा नकाशा काढला, खाली झोकात सही केली आणि पुण्याला नेला.

"ही कल्पना सुचली कशी?" सरांनी विचारलं.

सगळा वर्ग पडद्यावरून बघत होता. हो-हो म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण शेजारी बाप बसला होता, आणि दानिशला स्वतःची फार लाज वाटली.

"सर, कल्पना माझी नाही. यांची आहे," तो म्हणाला आणि कॅमेरा अब्बांकडे वळवला.

गफ्फार मिस्त्रींनी आधी सिमेंटचे हात स्टुलाखाली लपवले.

"कल्पना कायची, सर. नकाशा माह्या हातून उलटा धरल्या गेला. त्याच्यावर सारं इंग्रजीत लिवलं होतं, अन् एवढ्या शिकलेल्या पोराले इचाराची मले लाज वाटली."